स्थलांतरित दैवते : गोमंतकातील देवस्थानांची स्थित्यंतरे

गोमंतकात देवदर्शनासाठी येणारा भाविक फोंडा तालुक्यात, म्हणजेच जुन्या अंत्रुज महालात शिरला की त्याला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. येथे हाकेच्या अंतरावर एकेक महास्थान वसलेले आहे. मंगेशी, म्हार्दोळ, वेलिंग, कवळे, रामनाथी, बांदिवडे अशी नावे पाटीवर वाचता वाचता एका दिवसात सात-आठ क्षेत्रांची यात्रा सहज पुरी होते. याउलट समुद्रकाठच्या सासष्टी, बार्देश व तिसवाडी या सुपीक आणि प्राचीन वस्तीच्या महालांत चारशे-पाचशे वर्षांपूर्वीचे म्हणता येईल असे देवालय क्वचितच आढळते. देवांनी एवढी दाटी एकाच तालुक्यात का करावी, असा प्रश्न जिज्ञासू भाविक नेहमी विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. दैवत टिकते म्हणजे नेमके काय टिकते, या मोठ्या प्रश्नाचा मागही या उत्तरातूनच लागतो.

देव अमर आहेत अशी आपली श्रद्धा असली, तरी देवांची उपासना अमर असतेच असे नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. नाईल नदीतील फिली बेटावर आयसिस या देवीचे भव्य मंदिर होते. इजिप्तच्या प्राचीन चित्रलिपीतील कालनिर्देश असलेला शेवटचा ज्ञात लेख याच मंदिराच्या भिंतीवर आहे व तो इ.स. ३९४ मधील आहे. पुढे सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने ते मंदिर बंद झाले. लिपी वाचणारा पुजारी उरला नाही आणि सुमारे तीन हजार वर्षांची उपासना संपली. मंदिर आजही उभे आहे, तेथे प्रवासी जातात, परंतु दिवा लावणारे कोणी नाही.

आपल्याकडेही असे घडलेच नाही असे मानण्याचे कारण नाही. इ.स.पू. चौदाव्या शतकात, आजच्या तुर्कस्तानातील बोगाझकोय येथे सापडलेल्या एका तहनाम्यात मित्र, वरुण, इंद्र व नासत्य या देवांना साक्षी ठेवलेले आहे. ऋग्वेदात सर्वाधिक सूक्ते ज्याच्या वाट्याला आली तो देव इंद्र. आज इंद्राचे नाव यज्ञात व पुराणकथेत घेतले जाते, पण त्याला कुलदैवत मानून नवस फेडणारे घराणे शोधून सापडणे कठीण. वरुण सागराचा अधिपती म्हणून उरला, नारळी पौर्णिमेला त्याची आठवण होते, एवढेच. उलट ऋग्वेदात थोड्याच सूक्तांत येणारे विष्णू व रुद्र पुढे अवघ्या भारतवर्षाचे आराध्य झाले. काळाच्या ओघात कोणते दैवत मागे पडेल व कोणते पुढे येईल, हे ग्रंथातील सूक्तसंख्येवरून ठरत नाही, असे यावरून दिसते.

वारुळातील देवी

गोमंतकातील सर्वात जुन्या उपासनांपैकी एक आजही डोळ्यांनी पाहता येते. ती म्हणजे सांतेरीची. कोकणात सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे तिला सातेरी म्हणतात. गोव्यात वारुळाला 'रोयण' हा शब्द आहे. अनेक गावांत सांतेरीची मूर्ती नसतेच. गर्भगृहात जमिनीतून वर आलेले वारूळ हीच देवी असते. त्या वारुळाला वस्त्र नेसवतात, त्यावर धातूचा मुखवटा बसवतात, फुले वाहतात. वाळवीने कण कण माती पोटातून आणून रचलेली ही वास्तू भूमातेच्या उदराचे रूप आहे, तिच्यात नाग वसतो आणि तीच शेताला पीक व घराला संतती देते, अशी ही धारणा. वारूळ वाढले तर गावाला बरकत येते असे वृद्ध मंडळी सांगतात.

या उपासनेचे वय सांगणे अवघड आहे. येथे ब्राह्मणांची अग्रहारे वसली त्याआधी, राजघराण्यांचे ताम्रपट कोरले गेले त्याआधी, ज्यांनी प्रथम रान मोडून भातखाचरे काढली त्यांची ही देवी असावी, असे अभ्यासक मानतात. मूळचे गोव्यातील सांकवाळचे असलेले थोर विद्वान दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ग्रामदेवता व मातृदेवता यांच्या पायवाटा अक्षरशः पायी फिरून तपासल्या. डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात भूदेवीच्या उपासनेचा विस्तृत शोध घेतला आहे. ज्यांना या विषयाची गोडी असेल त्यांनी हा ग्रंथ अवश्य मिळवून वाचावा.

ही सांतेरी पुढे बहुतेक ठिकाणी शांतादुर्गा झाली. कथा अशी सांगतात की, शिव आणि विष्णू यांच्यात घोर युद्ध जुंपले, सृष्टी भयभीत झाली, तेव्हा ब्रह्मदेवाच्या विनंतीवरून जगदंबा दोघांच्या मध्ये उभी राहिली आणि तिने दोघांना शांत केले. म्हणून ती शांतादुर्गा. देवीच्या दोन्ही हातांतील सर्प हे त्या दोन देवांचे प्रतीक होय, असे पुजारी सांगतात. महिषासुराला मारणारी चंडी सर्व भारताला ठाऊक आहे. परंतु दोन मोठ्या देवांचे भांडण सोडवणारी दुर्गा गोमंतकाचे वैशिष्ट्य आहे, आणि ज्या भूमीत शैव व वैष्णव दोन्ही परंपरांचे लोक एकाच अग्रशाळेत पंगतीला बसत आले, त्या भूमीला ही कथा शोभणारीच आहे.

येथे एका गोष्टीची दखल घ्यावी लागेल. सांतेरीची शांतादुर्गा होताना वारूळ उपटून फेकले गेले नाही. अनेक ठिकाणी पुढे पाषाणाची वा पंचधातूची मूर्ती आली आणि मागे वारूळ राहिले. आधी कोणाला नैवेद्य दाखवायचा याचा क्रमही गावाने ठरवून टाकला. नवीन नाव, नवीन ध्यान, नवीन पुराणकथा आली आणि जुनीला स्थान राहिले. मूर्तीच्या पाठीशी असलेली ही मातीची ढेकळे पाहून बाहेरगावचा एखादा यात्रेकरू 'हे साफ का करत नाही' असे विचारतो. त्याने तसे विचारण्यापूर्वी थोडे थांबावे. तो ज्या देवीच्या दर्शनाला आला आहे, कदाचित तीच ती आहे.

म्हाळसा एक, ओळखी दोन

नावे तीच राहून देव बदलल्याचेही उदाहरण याच मुलखात आहे. महाराष्ट्रातील भाविकाला म्हाळसा म्हटली की जेजुरीच्या खंडेरायाची पत्नी डोळ्यांसमोर येते. तोच भाविक म्हार्दोळला आला की बुचकळ्यात पडतो, कारण येथील महालसा ही 'महालसा नारायणी', म्हणजे विष्णूचा मोहिनी अवतार मानली जाते. तिच्या मूर्तीला यज्ञोपवीत असते, ते याच कारणाने. नेवाशाला मोहिनीराजाचे मंदिर आहे आणि म्हाळसेचा संबंध नेवाशाशीही जोडला जातो, त्यामुळे दोन्ही परंपरांचा उगम एकच असावा असे पुष्कळांना वाटते. यात खरी कोणती आणि खोटी कोणती, हा वाद घालण्यात अर्थ नाही. धनगर, मराठा, देशस्थ यांच्या घरात ती मल्हारीची अर्धांगी झाली आणि गोमंतकातील सारस्वतांच्या घरात ती नारायणी झाली. जिने जिला जवळ केले, तिने तिचे रूप घेतले.

१५६० चा काळ

आता मूळ प्रश्नाकडे. १५१० साली अफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा शहर जिंकले व तिसवाडी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. १५४३ मध्ये बार्देश व सासष्टी हे महाल त्यांना मिळाले. या तीन महालांना पुढे 'जुन्या काबिजाती' असे नाव पडले. प्रारंभी देवळांना हात लावला गेला नव्हता. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यास सुरुवात झाली, १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची धर्मन्यायसभा स्थापन झाली आणि १५६७ च्या सुमारास सासष्टी व बार्देश येथे शेकडो देवळे जमीनदोस्त करण्यात आली. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वर्ग झाले. हिंदूंचे सार्वजनिक उत्सव, विवाहविधी, पुरोहितांचे वास्तव्य यांवर बंदीहुकूम निघाले.

गावकऱ्यांपुढे तीन मार्ग होते. धर्म बदलून जमीन राखणे, जमीन सोडून धर्म राखणे, किंवा शस्त्र उचलणे. तिन्ही मार्गांनी लोक गेले, आणि पुष्कळदा एकाच घरातील भाऊ वेगवेगळ्या मार्गांनी गेले. यातील कोणाच्याही निर्णयाचा न्याय चारशे वर्षांनंतर पंख्याखाली बसून करणे योग्य नव्हे.

ज्यांनी गाव सोडला त्यांनी देव बरोबर घेतला. कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये झुवारीच्या पलीकडे प्रियोळ गावी आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. वेर्ण्याची महालसा प्रियोळ येथे, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, कोलव्याची महालक्ष्मी बांदिवड्यासच, सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगास, तेथीलच विजयादुर्गा केरीस, मडगावचा दामोदर जांबावलीस, दिवाडीचा गणपती अनेक मुक्काम करीत खांडोळ्यास. ही यादी फार मोठी होईल. लिंगे व मूर्ती रात्री होडीतून नदीपार नेल्या, असे प्रत्येक देवस्थानच्या परंपरेत सांगितले जाते. ज्या गावातून देव आला त्या गावाचे नावही पुष्कळदा देवाबरोबर आले. म्हार्दोळ हे नाव मूळचे वेर्ण्याच्या बाजूचे. तिसवाडीतील करमळीहून ब्रह्मदेवाची कदंबकालीन मूर्ती सत्तरीत गेली तर त्या ठिकाणाचे नाव ब्रह्मकरमळी झाले. घर सोडताना माणसे देव्हारा उचलतात हे समजण्यासारखे आहे, पण गावाची पाटीही उचलून नेणारी ही माणसे विलक्षणच म्हटली पाहिजेत.

नदीपलीकडील अंत्रुज महाल त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत होता. एका मुसलमान सुलतानाच्या राज्यात या देवांना आश्रय मिळाला, ही गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्याआधी बहमनी राजवटीत सप्तकोटेश्वरासारख्या देवस्थानांना उपद्रव झाला होता, हेही तितकेच खरे. आश्रय कोण देईल आणि घाव कोण घालील, हे राज्यकर्त्यांच्या धर्मापेक्षा त्या त्या वेळच्या राजकारणावर अवलंबून असते.

अंत्रुजात त्या काळी दाट रान, डोंगरांच्या घळी आणि पोफळीची कुळागरे होती. पहिली दोनशे वर्षे हे देव साध्या, कौलारू वा गवताने शाकारलेल्या निवाऱ्यांत राहिले असावेत. आज दिसणारी भव्य देवालये बहुतांशी अठराव्या शतकातील व नंतरची आहेत. कवळ्याच्या शांतादुर्गेचे मंदिर छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, त्यांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकाराने उभारले गेले व ते १७३८ च्या सुमारास पूर्ण झाले. मंगेशीस पेशव्यांकडून १७३९ मध्ये गाव इनाम मिळाला, तो रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या प्रयत्नाने. घराण्यातील एखादा कर्तबगार पुरुष सातारा-पुण्याच्या दरबारी चढला की तो प्रथम आपल्या कुलदेवतेचे ऋण फेडीत असे.

या देवालयांची घडण पाहावी. वर घुमट, त्याखाली अष्टकोनी मजले, कमानदार खिडक्या, आत काचेच्या हंड्या व झुंबरे, बाहेर मजल्यामजल्यांचा शुभ्र दीपस्तंभ. यातील कमानी व खिडक्या गोव्यातील चर्चच्या वास्तूंशी नाते सांगतात आणि घुमटाची कल्पना मुसलमानी वास्तूंवरून आली. ज्या राजवटीने जुने देऊळ पाडले, तिच्याच वास्तुकलेतले जे सुंदर होते ते नव्या देवळाने घेतले. आत गर्भगृहात मात्र तेच लिंग, तीच पूजा. भाविकाने सभामंडपात क्षणभर उभे राहून वर पाहिले, तर हा सारा इतिहास छतावरच वाचता येतो.

१७६३ मध्ये अंत्रुज महालही पोर्तुगीजांच्या अमलाखाली आला. ज्या राज्यापासून देव पळाले होते तेच राज्य दोनशे वर्षांनी त्यांच्या मागोमाग आले. पण तोवर काळ पालटला होता. या 'नव्या काबिजातीं'त रयतेच्या धर्माला हात लावणार नाही अशी हमी राज्यकर्त्यांनी दिली आणि ती बव्हंशी पाळली. इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. १९३३ मध्ये देवस्थानांसाठी 'महाजनी' नियमावली आली. आज देवस्थानांचा कारभार जो महाजन व निवडलेली समिती यांच्यामार्फत चालतो, त्याची कायद्याची चौकट त्या नियमावलीतून आलेली आहे.

सप्तकोटेश्वराची तीन पुनरुत्थाने

एकाच देवाने किती वेळा मोडावे व किती वेळा उभे राहावे, हे पाहायचे असेल तर डिचोली तालुक्यातील नार्वे येथे जावे. श्रीसप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर आपण सप्तकोटीश्वराच्या वराने राज्य करतो अशी अक्षरे आहेत. मूळ स्थान दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहमनी आक्रमणात ते भंगले. त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरचा अधिकारी माधव मंत्री याने त्याची पुन्हा स्थापना केली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडले. शिवलिंग एका विहिरीच्या बांधकामात वापरले गेले होते व नारायण शेणवी सूर्यराव यांनी ते तेथून सोडवून नदीपलीकडे आणले, अशी परंपरा आहे. दिवाडीवरील जागेचेही नाव नार्वे आणि नव्या जागेचेही नार्वे.

१६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवालयाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. त्याची नोंद करणारा शिलालेख दारावर आहे. महाराजांनी गोव्यात अनेक स्वाऱ्या केल्या, किल्ले घेतले, सोडले. त्यांतील बहुतेकांचे आज अवशेष उरले आहेत. हे छोटेसे देऊळ मात्र पूजेत आहे. अलीकडे गोवा शासनाने त्याचे जतनकार्य केले व २०२३ मध्ये ते भाविकांसाठी पुन्हा खुले झाले. हे काम करताना मूळ वास्तूचे रूप राखण्याचा प्रयत्न झाला, ही विशेष समाधानाची बाब.

जे गाव सोडून गेले नाहीत

स्थलांतराची कथा सांगताना मागे राहिलेल्यांचा विसर पडतो. वस्तुतः जुन्या दैवतांनी तेथेही आपले स्थान पूर्णपणे सोडलेले नाही.

सासष्टीतील कुंकळ्ळी या गावाचे उदाहरण घ्यावे. जुलै १५८३ मध्ये येथील गावकऱ्यांनी देवळे पाडून क्रूस उभारण्यास आलेल्यांवर हल्ला केला. त्यात पाच जेझुइट मारले गेले. त्यांपैकी रुदोल्फ आक्वाविवा हे काही काळ अकबर बादशहाच्या दरबारात राहून आलेले विद्वान होते. पुढे वाटाघाटीच्या मिषाने कुंकळ्ळी व आसपासच्या गावांच्या प्रमुखांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तेथे त्यांची हत्या करण्यात आली. गावाची देवी शांतादुर्गा फातर्प्यास गेली व 'शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण' या नावाने तेथे नांदू लागली. आडनावासारखे गावाचे नाव तिने आजही सोडलेले नाही.

दरवर्षी शिमग्याच्या दिवसांत ही देवी फातर्प्याहून कुंकळ्ळीला माहेरी यावे तशी येते. तिच्याबरोबर बारा छत्र्या नाचवीत आणल्या जातात. गावातील मूळ गावकऱ्यांचे बारा वांगड, म्हणजे बारा कुळे, त्यांची ही बारा छत्रे. या बारा कुळांतील कित्येक घरे ख्रिस्ती झाली, तरी वांगड मोडला नाही. गुलाल उधळीत छत्र्या रस्त्यावरून जातात तेव्हा ख्रिस्ती घरांच्या दारांतही माणसे उभी असतात. देवी आपली आहे की नाही, हा प्रश्न त्या दिवशी कोणी कोणाला विचारीत नाही.

दुसरे उदाहरण सात बहिणींचे. लईराई, केळबाई, म्हामाई, मोरजाई इत्यादी सहा बहिणी आणि सातवी मिराबाई, अशी कथा उत्तर गोव्यात घरोघर सांगतात. यातील लईराई शिरगावची. वैशाख शुद्ध पंचमीला तिची जत्रा भरते व व्रतस्थ 'धोंड' निखाऱ्यांवरून चालतात. आणि सातवी बहीण म्हणजे म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबीण, असे लोक मानतात. ईस्टरनंतर येणाऱ्या तिच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन जातात. या दोघी बहिणींमध्ये फुले व तेल यांची देवाणघेवाण होत असल्याचे सांगतात. धर्मशास्त्राच्या पुस्तकात, मग ते आपले असो की त्यांचे, या नात्याला आधार सापडणार नाही. पण बहिणीचे नाते पुस्तकातून ठरत नसते.

जे टिकले नाही

सारेच टिकले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ज्या देवांना नेणारी सधन घराणी नव्हती, ते गेले. गावाच्या वेशीवरचे राखणदार, झाडाखालचे पाषाण, एखाद्या कुंभाराच्या वा मच्छीमाराच्या वाड्यावरची देवी, यांची नोंद कोणत्याही बखरीत नाही. पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांच्या ज्या याद्या जमिनीच्या महसुलासाठी केल्या, त्यांत कित्येक देवांची नावे तेवढी राहिली आहेत. देऊळ पाडणाऱ्याच्या कारकुनाने लिहिलेली ओळ हाच त्या देवाचा आता शेवटचा पुरावा आहे. बेताळ, रवळनाथ, भूमका, केळबाई ही ग्रामदैवते नव्या काबिजातींतील गावांत मात्र टिकली. रात्री गावाभोवती फेरी घालणाऱ्या बेताळाला झिजल्या वहाणांच्या जागी नव्या चामड्याच्या वहाणा वाहण्याची पद्धत आजही आहे.

काही गोष्टी गेल्या त्या जाणेच इष्ट होते. देवाच्या नावाने मुली वाहण्याची प्रथा देवस्थानांच्या आश्रयाने शतकानुशतके चालली. त्या समाजाने स्वतःच संघटित होऊन, शिक्षण घेऊन ती मोडली. याच समाजातून केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका अवघ्या देशाला मिळाल्या. देवाचा संसार टिकावा म्हणून कोणा मुलीचा संसार जाण्याची गरज नव्हती, हे देवस्थानांना समजावयास फार वेळ लागला.

आणि काही गोष्टी आज जात आहेत, त्या मात्र जाऊ नयेत असे वाटते. देणगीदारांची श्रद्धा मोठी असते. आपल्या आई-वडिलांच्या स्मरणार्थ गाभारा संगमरवरी करावा, जुने लाकडी खांब काढून सिमेंटचा सभामंडप बांधावा, दीपस्तंभाला चकचकीत रंग द्यावा, असे प्रस्ताव सर्वच देवस्थानांकडे येतात. त्यांमागील भावना निर्मळ असते यात शंका नाही. परंतु गाभाऱ्यात फरशी घातली की वारुळाची वाढ थांबते. जांभ्या दगडाच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते व काही वर्षांत दगड भुसभुशीत होतो. लाकडावरील जुनी चित्रे एकदा रंगवली की परत मिळत नाहीत. पोर्तुगीज सत्तेला साडेचारशे वर्षांत जे पुसता आले नाही, ते एका पावसाळ्याआधीच्या घाईच्या जीर्णोद्धारात पुसले जाऊ शकते. त्यासाठी जुन्या काळी देवाला कौल लावीत. मूर्तीला ओल्या फुलांच्या पाकळ्या लावून प्रश्न विचारायचा, उजवी पाकळी पडली तर अनुमती, डावी पडली तर नाही. बांधकामाचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी कौल घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आजही पाळली जाते. त्याबरोबरच पुरातत्त्व खात्यातील जाणकारांचा सल्ला घेतल्यास देवालाही ते मानवेल. दिवाबत्ती, अग्रशाळेची दुरुस्ती, वेदपाठ, जुन्या पोथ्यांचे व बाडांचे जतन, पुजारी व वाजंत्री यांचे मानधन, यांसाठी दिलेली देणगी शिलालेखावर नाव कोरण्याइतकी दिसत नाही. परंतु फिलीच्या मंदिराला भिंतींची उणीव नव्हती, हे येथे आठवावे.

मंगेशीच्या देवालयाच्या मागील बाजूस मूळकेश्वराचे छोटे स्थान आहे. हा कोणी पौराणिक देव नव्हे. कुशस्थळीला ज्या गुराख्याने आपली गाय एका शिळेवर दूध सोडते आहे असे पाहिले आणि त्यामुळे लिंगाचा शोध लागला, त्या गुराख्याचे हे स्मारक होय. कुशस्थळी सुटली, देऊळ सुटले, जमीन सुटली. महाजनांनी लिंगाबरोबर त्या गुराख्याची आठवणही होडीत घातली. मोठ्या देवाचे दर्शन घेऊन घाईने प्रसादाच्या दुकानाकडे वळणाऱ्या भाविकांनी चार पावले अधिक चालून तेथेही हात जोडावेत.

कुर्डीचा मे महिना

देवांचे स्थलांतर सोळाव्या शतकातच संपले असे नाही. सांगे तालुक्यात साळावली नदीवर धरण बांधण्याचे ठरले, तेव्हा मोगूबाईंचे कुर्डी हे गाव बुडिताखाली आले आणि १९८० च्या दशकात तेथील कुटुंबांचे वालकिणी व वाडे येथे पुनर्वसन झाले. कुर्डीतील कदंबकालीन महादेव मंदिर दगड दगड सुटा करून, प्रत्येकावर खूण घालून, धरणाजवळच्या नव्या जागेवर पुन्हा जसेच्या तसे रचण्यात आले. या वेळी देवाला रात्री पळावे लागले नाही.

गावातील सोमेश्वराचे देऊळ मात्र तेथेच राहिले. वर्षातील बहुतेक काळ ते पाण्याखाली असते. एप्रिल-मे मध्ये धरणाचे पाणी ओसरते, तडे गेलेला गाळ उघडा पडतो, जोती, विहिरी व वाळलेले बुंधे वर येतात आणि सोमेश्वराचा कळस दिसू लागतो. त्या सुमारास दूरदूर विखुरलेले कुर्डीकर एका दिवशी तेथे जमतात. देऊळ धुतात, आंब्याची तोरणे बांधतात, अभिषेक करतात, नैवेद्य होतो. गावातील ख्रिस्ती कुटुंबेही आपल्या कपेलपाशी येऊन प्रार्थना करतात. म्हातारी माणसे नातवंडांना आपल्या घराचा चौथरा दाखवतात, येथे स्वयंपाकघर होते, येथे तुळस होती म्हणून सांगतात. ऊन उतरले की सर्व परततात. जूनचा पाऊस लागला की आठ-पंधरा दिवसांत पाणी पुन्हा पायऱ्यांना लागते.

ज्या भाविकांना हा उत्सव पाहावयाचा असेल, त्यांनी मे महिन्यात स्थानिक चौकशी करून दिवस निश्चित करावा, कारण तो पाणी किती ओसरले यावर ठरतो. रस्ता कच्चा आहे, सावली नाही, पिण्याचे पाणी व छत्री बरोबर असावी.